एसी लावला, हवेचे काय?

आपल्या जिल्ह्याच्या गावाचा मुख्य रस्ता गेल्या पंधरा-वीस वर्षांत पार बदलून गेला. पूर्वी दुकान म्हटले की पुढे फळ्या, ओटा, डोक्यावर एक कुरकुरणारा पंखा आणि मागच्या भिंतीला उंचावर झरोका असा थाट असे. आता पुढे अखंड काच, आत पांढरे शुभ्र खोटे छत आणि दारावर ‘पूर्ण वातानुकूलित’ अशी पाटी. कापडाचे दुकान, सराफाची पेढी, बँकेची शाखा, रक्त तपासण्याची लॅब, आम्हा डॉक्टरांच्या वेटिंग रूम आणि गल्लोगल्लीचे शिकवणी वर्ग, सगळीकडे हीच पाटी.

एसीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो अशा वऱ्हाडात मी दवाखाना चालवतो. उष्माघाताने बेशुद्ध झालेला माणूस ज्याने एकदा पाहिला आहे, तो थंडाव्याला चैन म्हणणार नाही. म्हातारी माणसे, बाळंतिणी, हृदयरोगी यांना तर त्याची गरजच असते. माझी तक्रार आहे ती एसी बसवताना आपण जे जे बंद करून टाकतो त्याबद्दल. खिडकी बंद, झरोका बंद, एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर प्लायवूड. का? तर म्हणे गार हवा बाहेर जाते!

एक साधा प्रश्न मी गेले वर्षभर अनेकांना विचारून पाहिला. तुमच्या भिंतीवरचा एसी हवा कुठून आणतो? दहांपैकी आठांचे उत्तर ठरलेले: बाहेरून. बाहेर एक मोठे यंत्र टांगलेले असते, तिथून दोन नळ्या आत येतात, म्हणजे हवा तिकडूनच येत असणार असा हिशेब. वस्तुस्थिती उलट आहे. त्या तांब्याच्या नळ्यांतून फिरतो तो गॅस, आणि तो यंत्राच्या पोटातच बंदिस्त असतो. बाहेरची हवा एक चमचाभरही त्यांतून आत येत नाही. भिंतीवरचा डबा खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. दिवसभर तीच हवा. बाहेर थेंबथेंब गळणारे पाणी पाहून काहींना वाटते की घाण बाहेर पडते आहे. ते खोलीतल्या हवेतले बाष्प असते, ग्राहकांच्या श्वासातले आणि घामातलेसुद्धा. जुन्या खिडकीच्या एसीला निदान एक लहानशी झडप असे, ती उघडली की थोडीफार हवा बदले. आपण तीही बंदच ठेवत होतो म्हणा. स्प्लिट एसीत तेवढीही सोय नाही.

गंमत अशी, की हे यंत्र जन्माला आले तेच मुळी माणसासाठी नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे, आणि रंगीत छपाईचे रंग एकावर एक बसत नसत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतला दमटपणा काबूत ठेवण्याची यंत्रणा आखली, ती या कागदासाठी. कागदाला श्वास घ्यावा लागत नाही. माणसाला लागतो.

आता थोडा हिशेब करू. बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव ते तृतीयांश लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे तासाला १८ लिटरच्या आसपास. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच असा शिकवणीचा वर्ग घ्या. त्यात साठ मुले. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत प्रत्येक मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा आणि हवेशीर वर्ग असावेत असे म्हटले आहे. त्या मापाने ही साठ मुले या वर्गाला थोडी जास्तच होतात. दारेखिडक्या अगदी घट्ट असतील तर एका तासात ही मुले हजार लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड त्या खोलीत सोडतील. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. त्या वर्गात ते तासाभरात सहा हजारांच्या पुढे जाऊ शकते. दाराच्या फटीतून थोडी हवा येते-जाते म्हणून प्रत्यक्षात आकडा तितका चढत नाही एवढेच. मॅक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच एक हजाराची मर्यादा सांगून ठेवली आहे.

एवढ्याने कोणी गुदमरून मरत नाही, हे खरे. मग हा आकडा मोजायचा कशाला? कारण तो इतरांच्या श्वासाचा हिशेब देतो. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के असतो. खोलीत त्याचे प्रमाण अडीच हजार झाले, की आपण घेतलेल्या दर अठरा श्वासांपैकी जवळपास एक श्वास आधी दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला असतो. दुसऱ्याचे उष्टे पाणी न पिणारी आपली माणसे उष्टी हवा मात्र खुशाल घेतात, पैसे मोजून घेतात!

डोके जड होणे, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे, दुपारी तीननंतर पेंग येणे या तक्रारी घेऊन बँकेतले, ऑफिसातले कर्मचारी आमच्याकडे येतात. संध्याकाळी घरी गेले की बरे वाटते, रविवारी अगदी छान, सोमवारी पुन्हा तेच. आम्ही चष्म्याचा नंबर तपासतो, रक्तदाब पाहतो, हिमोग्लोबिन करायला सांगतो. ते तपासलेच पाहिजे. पण आठवड्याच्या वारांबरोबर चढणारे-उतरणारे दुखणे पाहिले की मी पहिल्यांदा विचारतो, तुमच्या कचेरीची खिडकी उघडते का?

पाश्चात्त्यांनी या वाटेवर आपल्या आधी ठेच खाल्ली आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत वीज आणि इंधन वाचवण्यासाठी इमारती बाटलीसारख्या बंद करण्यात आल्या. तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ साली माणशी बाहेरची हवा मिनिटाला पाच घनफुटांवर आणून ठेवली. कचेऱ्या कचेऱ्यांतून डोकेदुखी, थकवा, खाज, खोकला यांच्या तक्रारी वाढल्या. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकाराची दखल घेतली आणि ‘आजारी इमारत’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला. १९८९ साली त्याच अभियंत्यांनी तो आकडा तिप्पट करून पंधरावर नेला, कचेऱ्यांसाठी वीसवर. पुढे २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चोवीस कर्मचाऱ्यांना निरनिराळ्या हवेत बसवून निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. भरपूर ताज्या हवेच्या दिवशी त्यांचे गुण नेहमीच्या बंदिस्त इमारतीतल्या हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट आले. चोवीस माणसे म्हणजे काही फार नव्हेत, हे मान्य. पण मुलाच्या डोक्यासाठी वर्षाला लाख रुपये फी भरणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष ऐकून ठेवायला हरकत नाही.

डोकेदुखीचे ठीक आहे, खिडकी उघडली की जाते. खरी काळजी वेगळ्या पाहुण्याची आहे.

काही वर्षांपूर्वी एका तळघरातल्या कापड दुकानातला सेल्समन महिनाभराच्या खोकल्याने माझ्याकडे आला. बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले. सहा महिने गेले नाहीत तोच त्याच दुकानातली हिशेब लिहिणारी मुलगी, आणि वर्षाच्या आत आणखी एक पोरगा. मालक भला माणूस. तिघांच्या औषधाची, खुराकाची सोय त्याने केली. मात्र त्याचा प्रश्न होता, “डॉक्टरसाहेब, दुकान पूर्ण एसी आहे, रस्त्याची धूळसुद्धा आत येत नाही, मग हा रोग आला कुठून?” तिघांनाही एकाच ठिकाणी लागण झाली असे मी शपथेवर सांगणार नाही, क्षयाचा जंतू वर्षानुवर्षे अंगात दबा धरून राहतो. पण एका बंद तळघरात दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस एकच हवा फिरवत राहिलो तर एकाच्या खोकल्यातले जंतू दुसऱ्यापर्यंत पोचायला अडचण कसली?

हे कोणाच्या मनाचे खेळ नाहीत. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली आणि त्यांचे गुरू विल्यम वेल्स यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातून बाहेर पडणारी हवा एका नळीतून वरच्या मजल्यावरील गिनिपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्ण आणि प्राणी यांची गाठ कधी पडली नाही. दोहोंत सामाईक होती ती केवळ हवा. प्राण्यांना क्षय झाला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. अशा देशात माणसे कोंबून हवा कोंडणे हे अमेरिकेपेक्षा आपल्याला किती तरी महाग पडणारे आहे.

करोनाने तोच धडा पुन्हा दिला. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझू शहरात खिडक्या नसलेल्या एका इमारतीतील उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर तीन कुटुंबे जेवायला बसली होती. त्यांतल्या दहा जणांना हा आजार झाला. एसी चालू होता, ताजी हवा जवळजवळ नव्हतीच. नंतर मोजले तेव्हा माणशी सेकंदाला एक लिटरच्या आसपास भरली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा जागांसाठी सुचवलेले किमान प्रमाण आहे सेकंदाला दहा लिटर. आपल्या अभियंत्यांच्या ‘इशरे’ या संस्थेनेही एप्रिल २०२० मध्येच बाहेरची हवा घ्या, तापमान २४ ते ३० अंशांत ठेवा असे सांगितले होते. त्या दोन वर्षांत बँकांनी दारे उघडी ठेवली, डॉक्टरांनी वेटिंग रूम अंगणात हलवली. साथ ओसरली आणि दारे पुन्हा लागली. हात धुण्याच्या बाटल्या अजून काही काउंटरांवर दिसतात. उघडी खिडकी दिसत नाही.

मोठ्या शहरातल्या मॉल, हॉटेल, मोठी रुग्णालये यांच्या केंद्रीय यंत्रणांची कथा थोडी निराळी. तिथे बाहेरची हवा घेण्याची सोय असते, पण वीज वाचवण्यासाठी ती झडप मिटून ठेवण्याचा मोह व्यवस्थापकाला होतो. शिवाय गच्चीवर पाण्याचे कूलिंग टॉवर असतात. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर दोनशेहून अधिक लोक न्यूमोनियासारख्या आजाराने पडले, ३४ दगावले. जोसेफ मॅकडेड यांना १९७७ च्या जानेवारीत त्याचा जंतू सापडला, लिजनेला. कोमट, साचलेल्या, गाळ धरलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर श्वासात जातो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूलिंग टॉवरमुळेच शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तेव्हा त्या शहराने अशा प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे न्यूमोनियाच्या रुग्णात या जंतूची तपासणीच क्वचित होते, मग तो सापडणार कसा? (गरम हवेच्या यंत्रणांविषयी लिहीत नाही. आपल्याला निसर्गाने ती फुकट दिली आहे.)

आमच्या भागातल्या कूलरची मात्र दोन शब्दांत वाखाणणी केली पाहिजे. पूर्वी दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत, त्याच युक्तीचा हा लोखंडी अवतार. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओढून, ओलावून आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी असेल तर खोलीतली हवा सारखी बदलत राहते. कोरड्या उन्हाळ्यात यासारखे आरोग्याचे दुसरे यंत्र नाही. अट एकच, पाण्याची. डेंगीचा डास कूलरच्या टाकीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी न करता तिच्या कडा घासल्या पाहिजेत, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात. खोलीच्या आत ठेवून, दार लावून चालवलेला कूलर मात्र निव्वळ दमटपणा वाढवतो.

आता व्यापारी मंडळींच्या हरकती. पहिली, धूळ. ती रास्त आहे. रस्त्याच्या बाजूने हवा घेऊ नये, मागच्या किंवा वरच्या बाजूने घ्यावी आणि तिला जाळीऐवजी चांगला फिल्टर लावावा. एसीतली नायलॉनची जाळी मोठी धूळ तेवढी अडवते, बारीक कण नव्हे. हवा घेण्याची जागा जनरेटरच्या धुराजवळ चुकूनही नको.

दुसरी हरकत विजेच्या बिलाची, आणि तीही खोटी नाही. वर सांगितलेल्या साठ मुलांच्या वर्गाला सेकंदाला सहाशे लिटर हवा लागेल. मे महिन्याच्या भर दुपारी ४२ अंशांची ती हवा २६ वर आणायला तीन टनांच्या आसपास जादा यंत्रशक्ती खर्ची पडते. म्हणून कोणी लबाडी करून ‘ताजी हवा फुकटात’ असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण वर्षात अशा दुपारी किती? जून ते फेब्रुवारी बहुतेक दिवस खिडक्या आणि पंखे यांवर वर्ग चालू शकतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळच्या तुकड्या करता येतात. तासानंतर दहा मिनिटे सगळी दारेखिडक्या उघडून, पंखे लावून खोली धुऊन काढल्यासारखी हवा बदलता येते. आणि १६ अंशांचा हट्ट सोडला तर निम्मे बिल तिथेच वाचेल असे नाही, पण एका अंशामागे सुमारे सहा टक्के वाचते. १६ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते हा गैरसमज आहे. साधा एसी त्याच वेगाने थंड करतो, फक्त थांबत नाही. सरकारने २०२० पासून नव्या एसींचे सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर ठरवून दिले ते याचसाठी. वरती छताचा पंखा फिरत असला तर २६ सुद्धा छान लागते.

एक्झॉस्ट पंख्याबद्दल एक सूचना. पंखा लावायचा आणि हवा आत यायला वाट ठेवायची नाही, हा बूच न काढता बाटली ओतण्याचा प्रकार आहे. पंखा एका भिंतीला उंचावर, हवेची वाट समोरच्या भिंतीला. पंख्याच्या खोक्यावर तो ताशी किती घनमीटर हवा फेकतो ते छापलेले असते. माणशी ताशी ३६ घनमीटर धरून दुकानदाराने स्वतःच भागाकार करावा.

माझे स्पष्ट मत असे, की नगरपालिकेने व्यापारी जागेला परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना हा भागाकार मागितला पाहिजे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हवेविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. नकाशात खिडक्या दाखवलेल्या असतात. वापर सुरू झाला की त्याच खिडक्यांवर गुणवंतांच्या फोटोंचा भला मोठा फ्लेक्स चढतो, आणि त्यामागे पुढच्या वर्षीचे गुणवंत कोंडलेल्या हवेत बसतात. पालिकेचा माणूस फ्लेक्सची फी घेऊन जातो. त्यामागची खिडकी त्याला दिसत नाही.

पण नगरपालिकेच्या आधी आमच्या व्यवसायबंधूंनी सुरुवात करावी. खोकणारे लोक एका खोलीत तासन्‌तास बसवण्याचे काम गावात आमच्याइतके कोणी करत नाही. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतल्या हवेचे मोजमाप झाले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दारेखिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती, क्षयासाठी खास यंत्रे बसवलेल्या खोल्यांत बारा वेळा. सर्वांत सरस ठरल्या त्या उंच छताच्या, मोठाल्या खिडक्यांच्या जुन्या इमारती, चाळीस वेळा. आपल्या जुन्या दगडी सिव्हिल हॉस्पिटलांची बांधणी आठवा. त्यांची छते खाली उतरवून आणि व्हेंटिलेटर बुजवून आपण ज्याला नूतनीकरण म्हणतो, त्याला काय म्हणावे?

पालकांसाठी एवढेच. कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहान यंत्र आता काही हजारांत मिळते. चार पालकांनी मिळून घ्यावे. घेताना ते उघड्यावर ठेवून पाहावे, ४२० च्या आसपास आकडा आला पाहिजे. अत्तराच्या किंवा स्पिरिटच्या वासाने आकडा उसळला तर ते यंत्र खोटे समजून परत करावे. वर्गात हजाराच्या आत असेल तर उत्तम. दीड हजारावर खिडकी उघडायला सांगावे. दोन हजारांवर असेल तर संचालकांना जाऊन भेटावे. आणि यंत्र नसले तरी जूनमध्ये फीची पावती फाडण्याआधी त्या वर्गात पाच मिनिटे बसून यावे, तेही शेवटच्या तासाला, मुले आत असताना.